पसाऱ्यातून आर्ट: रोजच्या वापरातल्या वस्तूंची कलाकृती नेमकी कशी होते

माझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात एक पत्र्याचा डबा होता, त्यात बटणं, मोजली तेव्हा 43 भरली. तुटलेली, सुटलेली, फाटलेल्या शर्टांची कापून ठेवलेली. वर्षानुवर्षं तो डबा तिथे नुसता पडून होता आणि कोणी विचारलं असतं तर "असू दे, लागतात कधीतरी" यापलीकडे मी काही बोलले नसते. पुढे तीच 43 बटणं माझ्या भिंतीवर गेली, येणारी माणसं त्यांच्यासमोर थांबतात, जवळ जाऊन लेबलं वाचतात आणि वाचता वाचता नकळत स्वतःच्या शर्टाच्या बटणाला हात लावतात. बटणं तीच, मग मधे काय झालं? ते सांगायला हा लेख लिहितेय, कारण या प्रकारच्या आर्टबद्दल मला कायम दोनच वाक्यं ऐकू येतात. एक म्हणजे "यात कसलं आर्ट, हे तर माझ्याही घरी पडलंय" आणि दुसरं "काहीतरी खूप खोल असणार, आपल्याला नाही बाबा कळणार". दुसरं वाक्य सोडून द्या. पहिल्यातला "माझ्याही घरी पडलंय" हा भाग मात्र अगदी बरोबर आहे, आणि सगळी सुरुवात तिथूनच होते.

थोडा इतिहास आधी सांगते, म्हणजे हे खूळ कालपरवाचं नाही हे लक्षात येईल. 1912 साली पिकासोने एका चित्रात खुर्चीची वेताची वीण रंगवायच्या ऐवजी तशी वीण छापलेलं ऑइलक्लॉथ सरळ चिकटवलं आणि चित्राच्या कडेने खरा दोर गुंडाळला. म्हणजे वस्तूचं चित्र काढण्यापेक्षा वस्तूच आणून ठेवायची. 1917 मध्ये मार्सेल द्युशां या फ्रेंच कलाकाराने न्यूयॉर्कमधल्या एका प्रदर्शनात चक्क मुतारीचं भांडं पाठवलं, आडवं ठेवलेलं, वर 'आर. मट' अशी खोट्या नावाची सही. पैसे भरणाऱ्या प्रत्येक सभासदाचं काम दाखवू असं ठरलेलं प्रदर्शन होतं ते, तरी हे भांडं त्यांनी मांडलं नाही. मूळ भांडं पुढे हरवलं, राहिला तो एक फोटो, आणि त्या फोटोच्या जोरावर गेली शंभर वर्षं वाद चालू आहे. द्युशांचं म्हणणं थोडक्यात एवढंच, की कलाकाराने वस्तू स्वतःच्या हाताने घडवलीच पाहिजे असं नाही, त्याने ती निवडली आणि वेगळ्या नजरेने बघायला लावली हेही काम आहे.

पण द्युशांची वस्तू कोरी करकरीत होती, तिच्यावर कुणाच्या आयुष्याचा डाग नव्हता. मला जास्त जवळचा वाटतो तो जर्मनीतल्या हॅनोव्हरचा कलाकार कुर्ट श्विटर्स. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं, सगळीकडे मोडतोड, आणि हा माणूस ट्रामची तिकिटं, स्टॅम्प, चॉकलेटचे कागद, दोऱ्या, लाकडाचे तुकडे उचलून आणायचा आणि त्यांची कोलाज, म्हणजे तुकडे चिकटवून केलेली चित्रं, करायचा. 1919 मध्ये त्याने एका कोलाजमध्ये छापील जाहिरातीचा कपटा वापरला, त्यावर 'कोमर्झ' या शब्दातला शेवटचा 'मर्झ' एवढाच तुकडा उरला होता, तर त्याने आपल्या पुढच्या सगळ्या कामालाच मर्झ हे नाव देऊन टाकलं. मला हे फार आवडतं, नावसुद्धा कचऱ्यातून उचललेलं. त्या तिकिटांकडे आज बघितलं की त्यावर छापलेले आकडे, कंडक्टरने पाडलेलं भोक, सगळं दिसतं, आणि कोणीतरी एके दिवशी खरोखर ट्राममध्ये बसून कुठेतरी गेलं होतं हे जाणवतं. चित्रात रंगवलेल्या तिकिटाला ते कधीच जमणार नाही.

आता मुख्य मुद्दा. घरातला पसारा, एखाद्याचा छंद म्हणून केलेला संग्रह, आठवणींची वही आणि कलाकृती, या चारही ठिकाणी वस्तू सारख्याच असू शकतात, मग फरक कशात? माझ्या अनुभवात फरक नियमात आहे. पसाऱ्याला नियमच नसतो. संग्रहाचा नियम बहुतेक वेळा "चांगलं ते ठेवायचं, दुर्मिळ ते शोधायचं" असा असतो. आठवणींच्या वहीत आपण गोड क्षण वेचून लावतो आणि नको ते गाळतो. प्रयोगशील आर्टमध्ये आधी एक नियम ठरवायचा, आणि मग तो नियम जे काही समोर आणेल ते मुकाट्याने घ्यायचं, आवडो न आवडो. इथे 'प्रयोग' हा शब्द अगदी शाळेतल्या लॅबमधल्या अर्थाने घ्या, काय निष्पन्न होणार हे सुरुवातीला माहीत नसतं, माहीत असेल तर तो प्रयोग नाही, ती सजावट झाली. सजावट वाईट असं मी म्हणत नाही, फक्त ती वेगळी गोष्ट आहे.

नियम किती साधा असू शकतो बघा. डिटर रोट नावाचा एक कलाकार होता, त्याने 1970च्या दशकात ठरवलं की आपल्या हाताखालून जाणारा सपाट कचरा, म्हणजे 5 मिलिमीटरपेक्षा पातळ जे काही असेल ते, फेकायचं नाही, प्लास्टिकच्या कव्हरात घालून फाइलला लावायचं. पाकिटं, रॅपर, पावत्या, कागदाचे बोळे दाबून सपाट केलेले, सगळं. आणि अशा फाइली झाल्या 600 च्या वर. त्याने "महत्त्वाचं" असं काही निवडलं नाही, निवड जाडीने केली, आणि म्हणूनच त्या फाइलींमध्ये माणूस जसा असतो तसा येतो, कारण आपण स्वतः निवडायला बसलो की आपण आपलं कौतुकच निवडतो, हे मी स्वतःवरून सांगते.

युजी आगेमात्सु या कलाकाराचं काम याहून बारीक. तो न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर रोज चालायला जातो आणि चालताना खाली पडलेलं जे डोळ्याला खटकेल ते उचलतो, च्युइंगगमचा वाळलेला गोळा, केसांचा गुंता, वायरीचा तुकडा, कसलासा कागद, आणि ते सगळं सिगारेटच्या पाकिटावर जे पारदर्शक वेष्टण असतं ना, त्या एवढ्याशा पिशवीत रचतो. एका दिवसाची एक पिशवी, की वर्षाच्या 365. शेल्फवर ओळीने लावल्यावर ते कॅलेंडर होतं, प्रत्येक दिवस म्हणजे एक इवलंसं काचेच्या बरणीसारखं जग. नियमात तीनच गोष्टी आहेत, चालताना सापडलेलं, पिशवीत मावेल एवढंच, रोज एक. यातली एक जरी काढली तरी काम कोसळतं. मापाची मर्यादा तर फार मोलाची आहे, कारण जागा कमी असली की प्रत्येक गोष्ट ठेवताना विचार करावा लागतो.

सोफी काल या फ्रेंच कलाकाराने 1980 ते 1993 वाढदिवसाचा नियम केला होता. आपलं वय जितकं तितके पाहुणे बोलवायचे, त्यात एक पाहुण्यानेच आणलेला अनोळखी माणूस, आणि मिळालेल्या भेटवस्तू वापरायच्या नाहीत, त्या वर्षाच्या काचेच्या कपाटात ठेवून द्यायच्या. चाळिशीला थांबली. आता विचार करा, भेटवस्तू ही किती खाजगी आणि तरी किती साचेबद्ध गोष्ट आहे, आणि दरवर्षीची कपाटं शेजारी शेजारी उभी केल्यावर दिसतं ते एका माणसावर लोकांनी केलेलं प्रेम, मोजता येईल असं, वर्षवार लावलेलं.

तर तुम्हाला काही करून बघायचं असेल तर वस्तू गोळा करायला धावू नका, आधी एक वाक्य लिहा. काय घ्यायचं, कुठून, किती दिवस, आणि काय घ्यायचं नाही. "मी जुन्या वस्तू गोळा करणार" हा नियम नाही, ती इच्छा झाली. "पुढचे 60 दिवस माझ्या हातून जे संपेल त्याचं शेवटचं उरलेलं ठेवणार", हा नियम. त्यात साबणाची चिपटी येईल, रिफिल येईल, औषधाची रिकामी पट्टी येईल, टूथपेस्टची पिळून चपटी झालेली ट्यूब येईल. किंवा "घरातल्या ज्या किल्ल्यांची कुलुपं आता नाहीत त्या सगळ्या". किंवा "मी दुसऱ्यांना नव्हे, स्वतःसाठी लिहिलेल्या चिठ्ठ्या, फ्रीजवरच्या, पर्समधल्या". नियम असा हवा की दुसऱ्या माणसाच्या हातात तो कागद दिला तर त्यालाही तेच काम करता आलं पाहिजे. अशी परीक्षा घेतली की कच्चे नियम लगेच उघडे पडतात.

माझा पहिला नियम होता खिशांचा. 100 दिवस रोज रात्री खिशात आणि पर्समध्ये जे सापडेल ते त्या दिवसाच्या काड्यापेटीत भरायचं, काहीच नसेल तर रिकामी पेटी बंद करून तारीख घालायची. पहिले पंधरा दिवस मी फसवलं हे सरळ सांगते, छान दिसेल असं पान किंवा दगड मुद्दाम खिशात टाकायचे. पेट्या उघडून बघितल्यावर त्या पंधरा लगेच ओळखू येतात, त्यांच्यात एक कृत्रिम गोडवा आहे. खरा माल सुरू होतो तो विसाव्या दिवसानंतर, जेव्हा मला कंटाळा आला आणि मी सजवायचं थांबवलं. सेफ्टी पिन, अर्धी गोळी, लिफ्टमध्ये कोणीतरी हातात दिलेलं पत्रक चार घड्या घातलेलं, तीन दिवस सलग एकाच दवाखान्याचा नंबर लिहिलेला टोकन. ते तीन दिवस मी विसरले होते. पेट्यांनी लक्षात ठेवले.

आणि याच प्रोजेक्टने मला एक धडा शिकवला जो सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवा. पेट्यांमध्ये बिलं बरीच होती, दुकानात मशीनमधून येतात ती गुळगुळीत कागदाची. मी ती बाहेर काढून खिडकीजवळच्या बोर्डावर लावली आणि काही महिन्यांत त्यातली निम्मी पूर्ण कोरी झाली. तेव्हा समजून घेतलं की त्या कागदावर शाई नसतेच, कागदालाच रसायनाचा थर असतो, मशीनमधला गरम भाग टेकला की तो थर काळा पडतो आणि तीच अक्षरं. मग ऊन, उष्णता, हाताचं तेल, मऊ प्लास्टिकचं कव्हर, कशानेही ती अक्षरं उडू शकतात. म्हणून बिल हातात आलं की त्याच दिवशी फोटो काढा किंवा स्कॅन करा, आणि मूळ कागद अंधारात, थंड जागी, साध्या कागदी पाकिटात ठेवा. मला फार वाईट वाटलं होतं तेव्हा. ती कोरी बिलं मी तरीही काढली नाहीत, कारण नियमात "वाचता येईल असंच" असं कुठे लिहिलं होतं?

वस्तू टिकवण्याबद्दल अजून थोडं इथेच सांगून टाकते. वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडून ठिसूळ होणारच, लाकडातला लिग्निन नावाचा घटक त्यात राहिलेला असतो आणि कागद आम्लधर्मी असतो, त्यामुळे तो चांगल्या कागदाला चिकटून ठेवला तर त्यालाही डाग देतो, मधे ॲसिड-फ्री कागद घाला. सेलोटेप अजिबात नको, काही वर्षांत त्याचा गम तपकिरी होऊन कागदात उतरतो आणि पट्टी गळून पडते, डाग तेवढा राहतो. रबरबँड आधी चिकट होतो मग तुटतो. लोखंडी पिना गंजतात. कागद आणि कापडाला कसर लागते, खाण्याच्या वस्तूंचं रॅपर असेल तर आधी पुसून पूर्ण वाळवा नाहीतर मुंग्या येतील. आणि शक्यतो चिकटवूच नका, दोऱ्याने बांधा, टाके घाला, खाच करून बसवा, म्हणजे उद्या मन बदललं तर वस्तू सुटी करता येते.

आता बटणांकडे येते, कारण मांडणी म्हणजे काय हे मला त्यांनीच शिकवलं. लोकांना वाटतं गोळा करणं हे काम आणि मांडणी म्हणजे शेवटी भिंतीवर लावणं. उलटं आहे, अर्धं काम मांडणीतच होतं.

43 बटणं मी पांढऱ्या चादरीवर ओतली आणि आधी रंगाप्रमाणे लावली. पांढरी, मग पिवळट, मग तपकिरी, काळी, शेवटी दोन लाल आणि एक हिरवं. दिसायला सुंदर झालं, अगदी सुंदर, आणि पाच मिनिटांत माझा त्यातला रस संपला, कारण ते फक्त डिझाइन होतं, कोणाचीही बटणं असती तरी असंच दिसलं असतं. मग कोणत्या कपड्याचं कुठलं ते आठवून कपड्यांप्रमाणे लावली. आता एकदम माणसं आली. वडिलांचा ऑफिसचा शर्ट, शाळेचा युनिफॉर्म, कोणाचा तरी कोट. पण निम्मी बटणं आठवेनात, ती बाजूला अनाथासारखी पडली, आणि आठवलेल्यांत मी थोडं थोडं रचून सांगायला लागले हे माझ्याच लक्षात आलं. तिसऱ्या वेळी मी आठवण बाजूला ठेवली आणि फक्त वस्तू बघितली, बटण सुटलं कसं? काहींच्या भोकांत अजून दोरा होता म्हणजे ओढून तुटलेली. काहींना दोऱ्यासकट कापडाचा तुकडा, म्हणजे कपडाच फाटला. काहींचा दोरा स्वच्छ कापलेला, कात्रीने, म्हणजे कोणीतरी शर्ट टाकायच्या आधी बसून बटणं काढून घेतली. आणि काहींचं भोकच फुटलेलं. असे चार ढीग केल्यावर माझ्या समोर एक घर उभं राहिलं, त्यातली घाई, ओढाताण, आणि त्याच घरातलं काहीही वाया जाऊ न देणारं कोणीतरी. बटणं तीच 43. प्रश्न बदलला.

म्हणून सांगते, मांडणी ठरवताना "कसं छान दिसेल" असं विचारायच्या ऐवजी "या वस्तूंना मी काय विचारतेय" हे ठरवा. निदान तीन वेगवेगळ्या पद्धतींनी लावून बघा, प्रत्येक वेळी वरून एक फोटो काढा, आणि एक दिवस जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी फोटो बघताना कुठल्या मांडणीत आपल्याला माहीत नसलेलं काही कळलं ते विचारा, ती ठेवा.

लेबलाचंही तसंच. डॅनिएल स्पोएरी या कलाकाराची एक गोष्ट यासाठी सगळ्यांनी माहीत करून घ्यावी. हा पॅरिसमध्ये एका हॉटेलच्या खोलीत राहायचा. 17 ऑक्टोबर 1961, दुपारी 3 वाजून 47 मिनिटं, त्या क्षणी त्याच्या टेबलावर जे काही पडलं होतं त्या प्रत्येक वस्तूची बाहेरची रेषा काढून त्याने नकाशा केला, 80 वस्तूंना नंबर दिले, आणि प्रत्येक वस्तू काय आहे, कुठून आली, कोणी आणली हे लिहून काढलं. ब्रेडचा तुकडा, पिना, मिठाचा डबा, असलं सगळं. पुढे त्याचं पुस्तक झालं. त्याआधीपासून तो जेवून उठल्यावर टेबलावर जे जसं उरलंय ते तसंच चिकटवून टेबलाचा पृष्ठभाग भिंतीवर उभा टांगायचा. त्या 80 नोंदींमध्ये भावनेने ओथंबलेलं काही नाही, पण वाचता वाचता त्याचे मित्र, त्याची तंगी, त्याचं प्रेम सगळं कळत जातं.

माझ्या बटणांना मी आधी लिहिलं होतं, "बाबांच्या आठवणीतलं लाडकं काळं बटण". वाचणाऱ्याला यातून काय मिळालं? माझी भावना मिळाली, तीही फक्त नावाला. मग खोडून लिहिलं, "31. काळं, चार भोकं. दोरा निळा." एवढंच. आणि या लेबलासमोर लोक थांबतात. काळ्या बटणात निळा दोरा का? काळा संपला असेल, सकाळची घाई असेल, अंधार असेल, शिवणाऱ्याला दिसत नसेल. ज्याचं त्याला आपलं घर आठवतं. मला खरं कारण माहीत आहे, ते मी लिहिलेलं नाही आणि इथेही सांगत नाही.

एक आणि अनेक हा पण एक मोठा विषय. एक चपटी ट्यूब म्हणजे कचरा, 200 ट्यूब ओळीने म्हणजे माणसाच्या काही वर्षांच्या सकाळी. अरमान नावाच्या फ्रेंच कलाकाराने हे पार टोकाला नेलं, 1960 मध्ये पॅरिसमधली एक अख्खी गॅलरी त्याने कचऱ्याने भरून टाकली, लोकांनी बाहेरून काचेतून बघायचं. त्याच सुमाराला त्याने मित्रांची पोर्ट्रेट केली, चेहरा न काढता, त्या माणसाच्या वापरातल्या वस्तू एका पेटीत भरून. अँडी वॉरहॉल या अमेरिकन कलाकाराने 1974 पासून टेबलाशेजारी खोकं ठेवलं, पत्रं, फोटो, बिलं, वर्तमानपत्रं त्यात पडत राहायची, भरलं की बंद करून तारीख घालून रवाना, नवीन खोकं चालू. 1987 मध्ये तो गेला तोपर्यंत अशी 610 झाली, आता पिट्सबर्गच्या त्याच्या म्युझियममध्ये आहेत. मला स्वतःला वॉरहॉलच्या खोक्यांपेक्षा रोटच्या फाइली जास्त भिडतात, कारण खोकं बंद असतं, फाइल उघडते.

पण संख्येचं सगळ्यात हलवून टाकणारं काम म्हणजे चीनच्या साँग डाँग या कलाकाराचं. 2002 मध्ये त्याचे वडील वारले आणि त्याच्या आईने घरात वस्तू साठवायचा सपाटा लावला, तशी तिला सवय आधीपासूनच होती, टंचाईच्या काळात वाढलेली बाई, काही टाकायचंच नाही, कधी ना कधी उपयोगी येतं. मुलगा वस्तू हलवायला गेला की भांडण. शेवटी त्याने आईलाच सोबत घेतलं आणि 2005 मध्ये बीजिंगला दोघांनी मिळून घरातल्या 10,000 च्या वर वस्तू एका मोठ्या जागेत मांडल्या, बाटल्यांची झाकणं एकीकडे, टूथपेस्टच्या ट्यूबा एकीकडे, बूट, कपडे, बाहुल्या, भांडी, साबणाच्या वड्या, सगळं जातवार लावलेलं आणि मधे जुन्या घराचा लाकडी सांगाडा. आई स्वतः तिथे असायची, येणाऱ्यांना सांगायची हे कुठलं ते कधीचं. विचार करा, घरात जो पसारा म्हणून भांडणाचं कारण होता तो तिथे तिचं काम झाला, आणि दुःखात कोंडलेल्या बाईला बोलायला माणसं मिळाली. 2009 मध्ये ती गेली, त्याच वर्षी ते काम न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या म्युझियममध्ये लागलं. या आर्टला "यात काय विशेष" म्हणणाऱ्याला मी नेहमी या माउलीची गोष्ट सांगते.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला ब्रिटिश कलाकार मायकल लँडी. 2001 मध्ये लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर एका बंद पडलेल्या मोठ्या दुकानात त्याने स्वतःच्या मालकीच्या झाडून सगळ्या वस्तूंची यादी केली, 7,227, आणि दोन आठवड्यांत लोकांच्या डोळ्यांदेखत सरकत्या पट्ट्यावर घालून सगळ्यांचा चुरा केला. कार, पासपोर्ट, प्रेमपत्रं, वडिलांचा कोट. विकायला किंवा आठवण म्हणून काही ठेवलं नाही. मला हे काम बघून पोटात गोळा येतो, पण प्रयोग म्हणून ते चोख आहे, यादी हाच उरलेला भाग. आपल्याकडे किती वस्तू आहेत हे आपल्यातल्या किती जणांना सांगता येईल?

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. खाजगी वस्तू म्हणजे बहुतेक वेळा एकट्याची नसते. चिठ्ठी लिहिणारा वेगळा असतो, औषधाच्या कागदावर नाव आणि आजार असतो, बँकेच्या कागदावर नंबर असतात, फोटोत अजून चार माणसं असतात. मेरी केली या कलाकाराने 1970च्या दशकात स्वतःच्या बाळाच्या लंगोटातले डाग पडलेले कागद, बाळाचे पहिले बोल, त्याच्या रेघोट्या हे सगळं घेऊन सहा वर्षांचं एक मोठं काम केलं, 1976 मध्ये लंडनला त्यातला भाग लागला तेव्हा वर्तमानपत्रांनी गदारोळ केला, आज ते काम कलेच्या इतिहासात शिकवलं जातं. त्या गदारोळातून मी माझ्यापुरतं हे घेतलं की स्वतःचं काय दाखवायचं ते खुशाल ठरवा, दुसऱ्याचं दाखवायच्या आधी विचारा. गेलेल्या माणसाच्या वस्तू असतील तर घरातल्या बाकीच्यांना विचारा, आणि कोणी नको म्हटलं तर त्या वस्तूची जागा रिकामी ठेवा. रिकामी जागा पण दिसते, कामात ती चांगलीच बोलते.

कधी थांबायचं हा प्रश्न सगळे विचारतात. नियमात दिवस किंवा आकडा असेल तर प्रश्नच येत नाही, म्हणूनच तो आधी घालायचा. नसेल तर मी एवढंच बघते की नवीन आलेली वस्तू कामाला काही नवीन सांगतेय का नुसती भर घालतेय. आणि खोलीत ठेवायला जागा उरली नाही, घरातल्यांना चालायला त्रास व्हायला लागला, वस्तू बाहेर गेली की जीव कासावीस होतो, असं होत असेल तर तिथे आर्ट थांबवा आणि कोणाशी तरी बोला, ते वेगळं आहे आणि त्याला मदत मिळते.

बटणांचं काम मी जाड कार्डबोर्डवर केलं, प्रत्येक बटण दोऱ्याने दोन टाके घालून बसवलेलं, खाली पेन्सिलने लिहिलेलं लेबल, काच नाही. चिकटवलं नव्हतं ते बरं झालं. मागच्या महिन्यात भावाच्या शर्टाचं बटण बाहेर निघायच्या घाईत तुटलं, घरात दुसरं काळं नव्हतं, त्याने भिंतीकडे बघितलं आणि मी कात्री आणली. 31 नंबर आता त्याच्या शर्टावर आहे. घरात काळा दोरा होता, तरी मी निळाच घेतला.